मुलांच्या वांट्याचें काम

(नभोवाणीवरील भाषण)

पूर्वीं घरोघर कंदील असत, त्या काळीं कंदिलाची कांच पुसणें हें काम बहुधा मुलांकडे असे. त्याला कारणही तसेंच होतें. कांचेचें तोंड अरुंद. मोठ्या माणसाचा पंजा त्यांत जात नसे, आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा मात्र सहज जाई. चुलींतील राखेची चिमूट आणि जुन्या धोतराची चिंधी घेऊन दिवेलागणीपूर्वीं मूल ओटीवर बसे, आंतील काजळी पुशी, कांच उजेडाकडे धरून पाही, आणि मग तेल घालून वात कातरण्यासाठीं कंदील वडील माणसाच्या हवालीं करी. या व्यवस्थेंत बालशिक्षणाचें पुष्कळसें शास्त्र होतें. त्याला शास्त्र असें कोणी म्हणत नसे एवढेंच. काम मुलाच्या हाताच्या मापाचें होतें. तें रोजचें होतें. धोक्याचा भाग, म्हणजे तेल आणि आग, मोठ्यांकडे होता. आणि कांच पुसावयाची राहिली तर त्या रात्रीं साऱ्या घराला अंधुक उजेडांत जेवावें लागे. मुलाला निराळें रागावण्याची गरजच उरत नसे.

पुढें विजेचे दिवे आले, नळ आले, गॅस आला, पीठ गिरणींतून आणि मग तयार पिशवींतून येऊं लागलें. विहिरीचें पाणी शेंदणें, पूजेचीं फुलें वेंचणें, पत्रावळी लावणें, गोवऱ्या आंत आणून ठेवणें, हीं मुलांच्या हातचीं कामें शहरांतील घरांतून एकेक करून नाहींशीं झालीं. त्यांबद्दल फार हळहळण्याचें कारण नाहीं. त्यांतील कित्येक कष्टाचीं होतीं, आणि त्या कष्टांचा मोठा वांटा मुलींच्याच पाठीवर पडत असे. परंतु तीं गेलीं त्यांबरोबर घरांतील मुलाची एक जागाही गेली, आणि ती भरून काढण्याचा विचार फारसा कोणी केला नाहीं. आज सुशिक्षित कुटुंबांत मुलाला जें वाक्य वारंवार ऐकावें लागतें, तें ‘तूं फक्त अभ्यास कर’ हें होय. तें मायेनें उच्चारलेलें असतें याबद्दल शंका नाहीं. मुलाला मात्र त्यांतून एवढेंच कळतें कीं, या घराचें आपल्यावांचून कांहींएक अडत नाहीं.

एक नेहमींचें दृश्य पाहावें. ऐकणाऱ्यांपैकीं अनेकांना तें आपल्याच घरचें वाटेल. आई पोळ्या लाटीत आहे आणि चार वर्षांची मुलगी ओट्याशीं येऊन ‘मलाही दे’ म्हणून हट्ट धरून बसली आहे. आईला कचेरींत जावयाची घाई. ती म्हणते, ‘मध्यें मध्यें लुडबुड करूं नकोस, बाहेर जाऊन खेळ बघूं!’ मुलगी रडते, बाहेर जाते, आणि कांहीं महिन्यांनीं मागणेंच सोडून देते. आठ वर्षांनीं तीच आई त्याच ओट्याशीं उभी राहून म्हणते, ‘घोड्याएवढी झालीस, पण इकडची काडी तिकडे करीत नाहींस!’ दोन्ही वाक्यें खरीं आहेत, आणि दुसऱ्याचें मूळ पहिल्यांत आहे. मुलाला कामाची भूक लागते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षीं, आणि त्या वयांत त्याच्या हातून काम धड होत नाहीं. काम धड होऊं लागतें त्या वयांत भूक मेलेली असते. पालकांची सारी अडचण या उलट्या हिशेबांत आहे.

ही भूक ओळखून तिच्यावर एक शाळाच उभी करण्याचें काम इटलींतील डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनीं केलें. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तींत त्यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथील टेबलें-खुर्च्या मुलांच्या उंचीच्या होत्या आणि हात धुण्याचीं पात्रें त्यांचा हात पोंचेल इतक्या खालीं ठेवलेलीं होतीं. या बालगृहांतील दुपारच्या जेवणाचें जें वर्णन त्यांनीं लिहून ठेवलें आहे, तें वाचतांना आपल्याकडील आयांना धडकी भरावी. चार-चार वर्षांचीं मुलें टेबलावर सुऱ्या-कांटे मांडतात, तबकांतून पांच-पांच पाण्याचे पेले नेतात, आणि गरम सुपाचें मोठें पात्र घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातात. पेला फुटत नाहीं आणि सुपाचा थेंबही सांडत नाहीं. मुलांच्या हातीं फुटणारींच भांडीं द्यावींत, असें माँटेसोरीबाईंचें मत होतें. धातूचें भांडें पडलें तर नुसता आवाज होतो, आणि मूल आवाजाला सोकावतें; कांचेचा पेला एकदां फुटला म्हणजे पुढचे दहा पेले मूल आपण होऊन जपतें. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापून ही दृष्टि गुजराती-मराठी घरांपर्यंत आणली, आणि ताराबाईंनीं १९४५ सालीं, आज पालघर जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें, तीच दृष्टि गरिबांच्या मुलांपर्यंत नेली. महागड्या साहित्यावांचून हें काम चालतें, हें त्यांनीं दाखविलें. सुशिक्षित घराला तर कांहींच विकत आणावयाचें नाहीं. वाट्या, पेले, केरसुणी आणि मटाराच्या शेंगा घरांत आहेतच.

तीन ते पांच वर्षांच्या मुलाला काम द्यावयाचें तें असें, कीं त्याचा आरंभ आणि शेवट त्याच्या डोळ्यांना दिसावा. ‘खोली आवर’ हें काम त्याच्या वयाचें नाहीं, कारण आवरणें कोठें संपतें हें त्याला कळत नाहीं. (कित्येक पुरुषांना तें पुढेंही कळत नाहीं, तो भाग वेगळा.) जेवणाच्या वेळीं माणशीं एक वाटी मांडणें हें मात्र त्याच्या वयाचें आहे. घरांत पांच माणसें, म्हणून पांच वाट्या. एक कमी पडली तर ज्याच्या ताटांत वाटी नाहीं तो माणूसच चूक दाखवितो, आणि मूल धांवत जाऊन ती आणतें. धुऊन वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणें, मेथीचीं पानें खुडणें, मटार सोलणें, हीं सारीं याच जातीचीं कामें आहेत. मटार सोलतांना निम्मे दाणे तोंडांत जातील. तें वेतन समजावें. तीन वर्षांच्या आंतील मुलाच्या हातीं मात्र दाणे देऊं नयेत, ते नाकांत किंवा घशांत अडकतात. आणि ही मदत घेतां घेतां आईची पंधरा मिनिटें खर्च होतील, हें आधींच धरून चालावें. घाईच्या सकाळीं तें साधत नसेल तर संध्याकाळ निवडावी, आणि तीही साधत नसेल तर रविवार. परंतु रोज ‘नको’ म्हणूं नये.

सहाव्या-सातव्या वर्षीं मुलाला त्याच्या नांवाचें असें एक काम द्यावें, कीं तें त्यानें केलें नाहीं तर तें होत नाहीं. एका घरांत सात वर्षांच्या मुलीकडे संध्याकाळीं पिण्याच्या पाण्याचा माठ भरण्याचें काम होतें. कळशी तिला पेलत नसे, म्हणून ती लहान तांब्यानें, बारा-चौदा खेपा घालून, माठ भरी. एके दिवशीं ती खेळांत रमली आणि विसरली. रात्रीं पानें वाढून झालीं, आजोबांनीं माठांत ओगराळें घातलें, तों तें तळाला लागलें. आई उठूं लागली. आजोबांनीं तिला हातानेंच खालीं बसविलें आणि म्हणाले, ‘थांबूं आपण थोडें.’ चारही माणसें वाढलेल्या ताटांपुढें बसून राहिलीं, आणि मुलगी तांब्या घेऊन नळाशीं गेली. तीन-चार खेपा झाल्यावर आजोबा म्हणाले, ‘पुरे एवढें, ये आतां जेवावयास.’ आमटी थोडी निवली होती. तिच्याबद्दलही कोणी बोललें नाहीं. कंदिलाची कांच जें शिकवीत असे, तेंच त्या रिकाम्या माठानें शिकविलें. आणि तें त्याला शिकवितां आलें, याचें कारण मोठ्या माणसांनीं पांच मिनिटें तहान सोसली.

ही तहान सोसणें फार थोड्या घरांना जमतें. दुसऱ्या एका घरांत आठ वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळीं बाहेरच्या खोलीचा केर काढीत असे. आई त्याला ‘शाबास’ म्हणे, आणि तो खेळावयास गेला कीं स्वतः पुन्हां केरसुणी फिरवी. एके दिवशीं मुलगा विसरलेला चेंडू घेण्यासाठीं परत आला आणि दाराशींच थबकला. दुसऱ्या दिवसापासून त्यानें केर काढण्याचें सोडलें. असें कां केलेंस, म्हणून आईनें त्याला अनेकदां विचारलें. त्यानें सांगितलें नाहीं, आणि तिलाही कधीं कळलें नाहीं. कोपऱ्यांत केर राहिला असेल तर मुलाला बोलावून तो दाखवावा आणि तेवढा त्याच्याकडूनच काढवून घ्यावा. तें जमत नसेल तर एक दिवस तो कोपऱ्यांत राहूं द्यावा. कोपऱ्यांतील चिमूटभर धुळीनें कोणतेंही घर खचत नाहीं.

नऊ ते बारा या वयांत मुलाचा हात बहुतेक सर्व कामांना पुरतो. अंथरुणांच्या घड्या, वाळलेले कपडे, तांदूळ निवडणें, धाकट्या भावंडाला बूट घालून शाळेस तयार करणें, यांविषयीं विस्तार करण्याची जरुरी नाहीं. बाजाराबद्दल मात्र एक शब्द सांगितला पाहिजे. शंभराची नोट घेऊन कोपऱ्यावरून कोथिंबीर, लिंबें आणि पाव किलो भेंडी आणावयाची आणि उरलेले पैसे मोजून परत द्यावयाचे, या एका खेपेंत व्यवहारी अपूर्णांकांचे चार पाठ होतात. हल्लीं फोनवरून पैसे देण्याची रीत पडल्यामुळें मुलांच्या हातांत नोट येतच नाहीं. तेव्हां या कामापुरते तरी रोख पैसे द्यावेत. आणि भेंडी जून आणली म्हणून तिची भाजी करावयाची थांबूं नये. ती चावत बसलेल्या घराकडे पाहून मूल पुढच्या वेळीं भेंडीचें टोंक मोडून पाहतें.

विस्तवाचा प्रश्न निव्वळ वयावर सोडतां येत नाहीं. त्याला उंची आणि स्वभाव हीं दोन्ही पाहिलीं पाहिजेत. शेगडीवरील पातेल्यांत ज्या मुलाला सरळ उभें राहून वरून पाहतां येत नाहीं, तें चवड्यांवर उभें राहून हात लांब करतें, आणि त्या लांब केलेल्या हाताखालीं ज्योत असते. त्याला स्टुलावर उभें करणें हा उपाय नव्हे. स्टूल घसरतें, आणि तोल सांवरण्यासाठीं मूल हाताला लागेल तें धरतें. उंची पुरी झाली आणि सांगितलेलें ऐकण्याची संवय असली, तर बाराव्या-तेराव्या वर्षीं, मोठें माणूस शेजारीं असतांना, चहा, भात आणि पोळी यांस आरंभ करावयास हरकत नाहीं. मात्र आधीं कुकराचें कार्य नीट समजावून सांगावें. उघड्या पातेल्यांत पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. कुकरांत वाफ कोंडल्यामुळें तें सुमारें १२० अंशांपर्यंत चढतें, म्हणून डाळ लवकर शिजते. वाफ उतरण्यापूर्वींच झांकण ओढून काढलें, तर तेंच तापलेलें पाणी एकदम उसळून अंगावर येतें. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो, कारण कातडीवर वाफेचें पाणी होतांना ती आपल्यांत सांठविलेली सारी उष्णता तेथेंच सोडते. एवढें कारण कळलेलें मूल ‘हात लावूं नकोस’ या धाकानें वाढलेल्या मुलापेक्षां अधिक सुरक्षित असतें. हात भाजलाच तर तो वाहत्या गार पाण्याखालीं २० मिनिटें धरावा. शाई, तूप किंवा दांत घांसण्याची पेस्ट त्यावर थापूं नये. आणि एक काम कोणत्याही वयाच्या मुलाकडे सोंपवूं नये: संडास धुण्याचें आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आलीं तर क्लोरीन वायु सुटतो, आणि लहान मोरींत तो जीवावर बेततो.

कामाबद्दल मुलाला पैसे द्यावेत कीं नाहीं, असा प्रश्न हल्लींचे तरुण पालक पुष्कळदां विचारतात. पेला उचलून ठेवण्याचे पांच रुपये मिळूं लागले, म्हणजे सातव्या दिवशीं मूल विचारतें, ‘आज मला पैसे नकोत, मग पेला नाहीं उचलला तर चालेल ना?’ हा प्रश्न पूर्णपणें तर्कशुद्ध आहे, आणि पैसे देणाऱ्या पालकाजवळ त्याला उत्तर नसतें. विनोबा भावे यांचें बालपण तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील गागोदें या गांवीं गेलें. लहानपणीं आई आपल्याला रोज विचारी कीं, तुळशीला पाणी घातलें का. घातलें नसल्यास आधीं तें घालावयाचें आणि मग जेवावयास बसावयाचें, अशी आठवण त्यांनींच पुढें सांगितली आहे. यांत बक्षीस नव्हतें, आणि खरें पाहतां शिक्षाही नव्हती. जेवण कोणी बंद केलेलें नव्हतें. फक्त तुळशीची पाळी आधीं होती. घरांत तुळस नसेल तर गॅलरींतील कुंडी आहे, पिंजऱ्यांतील पोपट आहे, अंथरुणाला खिळलेली आजी आहे. जिवंत वस्तूचें काम मुलाला विसरतां येत नाहीं, आणि तें कशासाठीं करावयाचें हें त्याला समजावून सांगावेंही लागत नाहीं.

आतां मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं, सहा वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या माणसांचा दिवस कसा जातो, याची देशभर पाहणी केली. घरांतील विनावेतन कामांत दिवसभरांत कांहीं ना कांहीं भाग घेणाऱ्या स्त्रिया शंभरांत सुमारें ८१ निघाल्या, पुरुष २६. आणि जीं भाग घेतात त्यांच्यांतही स्त्रीचीं सरासरी मिनिटें २९९, पुरुषाचीं ९७. उरलेले जे ७४ पुरुष, ते जन्मतः कांहीं तसे नव्हते. चौथ्या वर्षीं तेही ओट्याशीं येऊन ‘मलाही दे’ म्हणतच असले पाहिजेत. त्यांना तेथून घालवून देणारें माणूस बहुधा प्रेमळच असतें. मुलगा आठ वर्षांचा होतो, जेवून उठतो, हात धुतो आणि बाहेर जातो. दहा वर्षांची बहीण मागें राहून ताटें गोळा करते, आणि यांत कांहीं ठरविलें गेलें आहे असें त्या घरांत कोणाला वाटतही नाहीं. पुढारलेल्या घरांतही एक सूक्ष्म भेद शिल्लक राहतो. दोघांनाही काम दिलेलें असतें, पण मुलाला बाहेरचें आणि मुलीला आंतलें. दळण आणलें, बिल भरलें, किल्ली करून आणली, कीं तें काम संपतें आणि घर त्याची दखल घेतें. भांडीं विसळणें कधीं संपत नाहीं, म्हणून त्याची दखलही कोणी घेत नाहीं. यासाठीं महिन्याच्या पहिल्या तारखेस दोघांच्या कामांची अदलाबदल करावी. पहिल्या महिन्यांत मुलगा कुरकुर करील. कदाचित् आजीही करील.

याला लागूनच एक गोष्ट आहे, ती दिवाणखान्यांत सहसा बोलली जात नाहीं. चौदा वर्षांखालील मुलाला घरकामास ठेवण्यास कायद्यानें १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनें या वयाच्या मुलाला कोणत्याही कामावर नेमण्यास मनाई झाली; शाळेची वेळ संपल्यावर किंवा सुटींत आपल्या घरच्यांना मदत करण्यास मोकळीक आहे, तीही शिक्षणांत खंड पडणार नाहीं अशा बेतानें. कायदा स्पष्ट आहे. परंतु कामवाल्या बाईबरोबर तिची दहा वर्षांची मुलगी येते, ती कागदोपत्रीं कोणाचीच नोकर नसते. आई भांडीं घांसते आणि मुलगी, कोणी सांगितलें नसतांही, दिवाणखान्यांतील पेले गोळा करूं लागते. त्यांतील एक पेला घरच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातांतला असतो. तो पुस्तकांतून डोळे वर न काढतां तो तिच्यापुढें धरतो, कारण त्याला फक्त अभ्यास करावयास सांगितलेलें आहे. तिची शाळा किती वाजतां आहे, हें त्या घरांत कोणी विचारलेलें नसतें. तें विचारावें. आणि पेला त्या मुलानें उठून मोरींत नेऊन विसळावा, हें त्याच दिवसापासून सुरू व्हावें.

राहतां राहिला परीक्षेचा प्रश्न. दहावीचें वर्ष आलें कीं मुलाचें सर्व काम माफ करण्याची पद्धत आहे, आणि त्यामागील काळजी समजण्यासारखी आहे. बाजार, दळण, धाकट्याचा गृहपाठ घेणें, हीं वेळ खाणारीं कामें फेब्रुवारी-मार्चपर्यंत वडिलांनीं खुशाल आपल्याकडे घ्यावींत. परंतु जेवल्यावर स्वतःचें ताट विसळून ठेवण्यास तीन मिनिटें लागतात, आणि चार तास बसून पाठ आखडलेल्या मुलाला तेवढें उभें राहणें हितकरच असतें.